अडाण बँड, मुक्काम बोरी अरब

९ जानेवारी

बँडला आज नाव मिळालं. अडाण. आमच्या बोरी अरबच्या नदीचं नाव. तारिकभाऊ म्हणाले, "लोकं अडाणी बँड म्हनतीन ना बे." धम्मा म्हणाला, "म्हनू दे. नाव तं घेतीन."

आम्ही चौघं आहोत. धम्मरत्न, म्हणजे माझा नवरा, गिटार वाजवतो. दारव्ह्याच्या फोटो स्टुडिओतली नोकरी त्याने बँडसाठी सोडली. माझ्या माहेरी अजून सांगितलेलं नाही. तारिकभाऊ ढोलकीवर. त्यांचं पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत आमचा सराव चालतो. मी शाळेतून शिकवून आले की कीबोर्डवर बसते. आणि गायला माझ्या सासूबाई, सत्यभामाबाई.

आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मला अजून खरं वाटत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांना फक्त विहारात वंदना म्हणताना ऐकलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत धम्मा आणि तारिकभाऊ अंगणात काहीबाही वाजवत बसले होते आणि डाळ निवडता निवडता त्या मधूनच गायला लागल्या. मामाजींचं गाणं. माझे सासरे, उकंडाजी, गाणी रचायचे, खंजिरी वाजवायचे, आणि दोघं नवराबायको गावोगाव गायचे. मामाजी गेले तेव्हा धम्मा दहावीत होता. त्यानंतर त्या गायल्याच नव्हत्या.

पाटी घेऊन निंगाली पोर, धुऱ्यावरची वाट
मांगं पाहू नोको माये, म्होरं हाये पहाट

तारिकभाऊंनी ढोलकी खाली ठेवली आणि नुसतं ऐकत बसले. बँड खरं तर त्या दिवशीच झाला.

३० जानेवारी

पहिला कार्यक्रम. दारव्ह्यात एका नव्या घराच्या वास्तूला. लोक पंगतीत होते, आम्ही मांडवाच्या कोपऱ्यात. पलीकडच्या गल्लीत वरातीचा डीजे लागला आणि आमचं आम्हालाच ऐकू येईना. एक जण येऊन धम्माला म्हणाला, "भाऊ, ते जेवनाच्या टायमाचं हळू म्युझिक लावा ना, बाईले कायले गायले लावता?"

परत येताना टेम्पोत आत्याबाईच म्हणाल्या, "तुमचे मामाजी असते तं डीजेवाल्याच्या म्होरं जाऊन खंजिरी वाजवली असती." मग सगळे हसले.

मी धम्माला म्हटलं, मामाजींची गाणी कुठेच लिहिलेली नाहीत, सगळी आत्याबाईंच्या तोंडात आहेत, लिहून घेऊ. तो म्हणाला, "आधी वाजू तं दे वं."

१७ फेब्रुवारी

आज घरात कटकट झाली. वरणात मीठ दोनदा पडलं. आत्याबाई म्हणाल्या मी टाकलं. मी शाळेतून आले तेव्हा वरण उतरवलेलं होतं, मी कधी टाकणार? वर मला 'शीला' म्हणून हाक मारली. शीलाताई माझी नणंद, पुसदला दिलेली. महिनाभर हेच चाललंय. मी सहा वर्षं या घरात आहे, अजून लेकीचं नाव तोंडात. मनाला लागलं. धम्माला सांगितलं तर म्हणतो, मनावर कायले घेतं.

११ मार्च

हे लिहून ठेवायलाच हवं.

यवतमाळला काल एका कॉलेजच्या पटांगणात छोट्या बँडचा कार्यक्रम होता, स्वतःची गाणी करणाऱ्यांचा. झरी जामणीकडची पोरं होती, कोलामीत गातात. एक शब्द कळला नाही पण अंगावर काटा आला. आमचा नंबर शेवटी. आत्याबाई पांढरं लुगडं नेसून उभ्या राहिल्या. पहिलं कडवं नेहमीचं. दुसऱ्यांदा ध्रुपदावर आल्या आणि थांबल्या. इतक्या थांबल्या की मला घाम फुटला. मग गायल्या:

मांगं पाहू नोको माये, कोनती हे वाट?

पहाट नाहीच. कोनती हे वाट. आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी निराळ्या सुरात, जसं काही खरंच कोणाला विचारतायत. माझ्या शेजारी माईक सांभाळणारी मुलगी रडत होती.

आज तो व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. आमच्या शाळेतल्या शिपाईबाई, मानीबाई, त्यांच्याही फोनवर. मी आत्याबाईंना विचारलं, "ओळ कधी बदलली तुम्ही?" त्या म्हणाल्या, "कोनती ओळ?" त्यांचं असंच. मोठेपणा स्वतःकडे घेणार नाहीत.

१६ एप्रिल

जयंतीचे दिवस. आज इथे, उद्या तिथे. घसा, पाय, पाठ, सगळं दुखतंय, आणि इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं. मागच्या वर्षी या दिवसांत गावोगाव नुसते भोंगे होते. यंदा काही गावांनी डीजे सोडून आम्हाला बोलावलं.

प्रत्येक ठिकाणी आत्याबाई शब्द बदलतात. लोकांना आता तेच हवं असतं. "आजी आज काय गातीन?" म्हणून पैजा लागतात. एका गावात पहिलं कडवं झाल्यावर त्यांनी दुसऱ्याच गाण्याचं कडवं जोडलं, आणि ते असं काही बसलं की तारिकभाऊंनी ताल बदलून सांभाळून घेतलं. मी खूश होऊन त्यांच्याकडे पाहिलं. ते हसले नाहीत.

१२ मे

धम्मा आत्याबाईंना घेऊन यवतमाळला जाऊन आला. डोळे तपासायला. संध्याकाळी आले तर चष्मा नाही, थेंब नाही. म्हटलं, काय झालं? "काही नाही, वयाचं हाये म्हने." जेवला नाही. अंगणात जाऊन गिटारच्या तारा बदलत बसला, मागच्या आठवड्यात बदललेल्या.

नंतर मला म्हणाला, "रुपा, मायनं स्टेजवर शब्द बदलले तं टोकू नको. आपन तिच्या मांगं जायचं. तेच आपलं आता." मला पटलं. आमच्या बँडची हीच तर खूण आहे. पण हे एवढं गंभीर तोंड करून सांगायचं काय होतं?

२० मे

बाजाराचा दिवस. आत्याबाई मिरच्या आणायला गेल्या आणि येईनात. शेवटी तारिकभाऊंच्या आई, जैनबबी, त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. दोघी जुन्या मैत्रिणी. जैनबबी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इसको अकेली मत छोडो बेटा. मेरे घर के सामनेच खडी थी और मेरा घर पूछ रही थी."

बाजारात गर्दी असते, नवीन सिमेंटचा रस्ता झाल्यापासून सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात, मीही एकदा चुकले होते. पण धम्माने आजपासून त्यांना एकटं बाहेर सोडायचं नाही म्हणून सांगितलं. विहारातसुद्धा नाही. मला वाटतं, आजकाल लोक रस्त्यात धरून व्हिडिओ काढतात, म्हणून.

२६ जून

नागपूरला रेकॉर्डिंग. वाटलं होतं आयुष्यातला मोठा दिवस असेल.

काचेच्या खोलीत आत्याबाईंना एकटं उभं केलं, कानाला हेडफोन. रेकॉर्डिंगवाला सज्जन माणूस होता. त्याने समजावलं, आजी, हीच ओळ पुन्हा एकदा, अगदी तशीच. त्यांनी दुसरीच म्हटली. पुन्हा. तिसरीच. दुपार उलटली तरी एकही कडवं पूर्ण झालं नाही. माझा तोल गेला. मी काचेआड जाऊन म्हटलं, "आत्याबाई, इथे लोक नाहीत टाळ्या वाजवायला. नीट आहे तसं म्हणा ना."

त्यांनी हेडफोन काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मारू नको वं माय. म्हनतो मी."

मी आयुष्यात त्यांच्यावर हात उगारलेला नाही. सगळ्यांसमोर त्यांनी असं का बोलावं? मी बाहेर येऊन जिन्यात रडले. धम्मा माझ्याकडे आला नाही. तो काचेच्या आत गेला, त्यांच्यासमोर खाली बसला, आणि दोघं नुसती बसून राहिली. गाणं झालंच नाही.

१५ जुलै

तारिकभाऊ बँड सोडून गेले.

दुकानामागच्या खोलीत त्यांचं आणि धम्माचं वाजलं. मी पोचले तेव्हा शेवटचं ऐकलं. तारिकभाऊ म्हणत होते, "मी नाही वाजवत भाऊ. काकीनं मले लहानपनी भाकर चारली हाये. हे माह्यानं होत नाही." धम्मा म्हणाला, "तुले काय वाटते, मले होते?" मला पाहून दोघं गप्प झाले.

हे म्हणजे काय कारण झालं? बँड वर येत असताना आत्याबाईंना कष्ट पडतात म्हणून सोडायचं? तारिकभाऊंना यवतमाळच्या एका डीजेवाल्याने विचारलं होतं हे मला माहीत आहे. तोंडावर सांगायचं ना. मी जैनबबीकडेही गेले नाही तेव्हापासून. माणसाची ओळख चांगल्या दिवसांतच पटते म्हणायची.

२ सप्टेंबर

नवा ढोलकीवाला मिळाला. नेमसिंग, पुसदकडच्या तांड्यावरचा. हात गोड आहे, बोलणं त्याहून. आत्याबाई त्याच्याकडे सारख्या बघत राहतात आणि गाताना मागे वळतात. त्याला पाहून सुरुवात चुकते. होईल सवय.

अलीकडे त्या घरात फार बोलत नाहीत. पण स्टेजवर उभ्या राहिल्या की आवाज तोच. मीच कधी कधी विचार करते की घरातली बाई आणि ही बाई एकच का.

१९ ऑक्टोबर

उद्या पुसद. चार जिल्ह्यांतले छोटे बँड आहेत, झरी जामणीची पोरंही येणार. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस ऐकायला येतोय, पटलं तर आमची सगळी गाणी तेच बाहेर काढतील, स्टेजवरूनच रेकॉर्ड करून. म्हणजे काचेच्या खोलीचं संकट नको. शीलाताईंकडे मुक्काम. त्यांनी आईला मिठी मारली तर आत्याबाई म्हणाल्या, "बसा बाई. कोनाच्या इथी आल्या?" शीलाताई हसायला लागल्या, म्हणाल्या, "मायची मस्करी गेली नाही." मीही हसले. धम्मा बॅगा आत न्यायला लागला.

२१ ऑक्टोबर

कालचं लिहिते. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

मैदान भरलं होतं. पाटीचं गाणं सुरू झालं. आत्याबाई 'म्होरं' पर्यंत आल्या आणि थांबल्या. आता लोकांना हे थांबणं पाठ आहे. ते श्वास धरून बसतात. त्या मागे वळल्या. नेमसिंगकडे बोट केलं. माईक तोंडाशीच होता.

"हा कोन हाय? धम्माचे बाबा कुठी गेले?"

टाळ्या पडल्या. मलासुद्धा वाटलं, आज काय सुचलंय यांना. मी तोच सूर धरून ठेवला. नेमसिंगने हात हलका केला.

त्या पायऱ्या उतरून खाली गेल्या, हातात तो बिनतारी माईक. लोकांनी वाट करून दिली. बाया पाया पडत होत्या, पोरं मोबाईल उंच धरून होती. आणि आत्याबाई एकेकाला विचारत होत्या, सगळं मैदान ऐकत होतं, "पाह्यला का तुमी? खंजिरीवाला मानूस? उंच हाये. मले थांब म्हनला अन् गेला. पाह्यला का वं बाई?" माणसं ढसाढसा रडत होती. कोणीतरी ठेका धरला, मग सगळ्यांनीच टाळ्यांचा ठेका धरला. मी वाजवत राहिले. मला वाटत होतं की आम्ही जिंकलो.

मग माईक खरखरला आणि आवाज बंद झाला. आत्याबाई गर्दीत कुठेच दिसेनात. धम्माने गिटार गळ्यातून काढली, ती खाली पडली, आणि तो पळाला. पळताना मला त्याचा चेहरा दिसला. तेव्हा माझी बोटं थांबली. लोकांच्या टाळ्या चालूच होत्या.

त्या नेमसिंगला सापडल्या, बसस्टँडवर. बोरीच्या गाडीची वाट बघत, अनवाणी. त्याने त्यांना चहा पाजला होता. "आजी, चाल घरी," म्हणून तो त्यांच्याशी गोड बोलत होता, आणि त्या त्याला म्हणत होत्या, "तुह्यी माय वाट पाहत असंन रे, तू जाय."

आम्ही मैदानावर सामान घ्यायला परत गेलो. कंपनीचा माणूस धावत आला. धम्माचा हात हातात घेतला. असं काही आपण पाहिलेलंच नाही म्हणाला. मग म्हणाला, "तो शेवटचा भाग, त्या आजोबांना शोधत खाली येतात तो, प्रत्येक कार्यक्रमात ठेवता येईल ना?"

धम्माने त्याच्या हातातून हात सोडवला. म्हणाला, "ते गानं नव्हतं साहेब." आणि मग मैदानात सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा.

२२ ऑक्टोबर

मे महिन्यातच डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्यांसाठी गेलेच नव्हते. आठवण जाण्याचा आजार, वाढतच जाणार. धम्माने मला सांगितलं नाही. तारिकभाऊंनी ओळखलं, आणि धम्माने त्यांना गळ्याची शपथ घातली की वहिनीला कळू द्यायचं नाही.

शीलाताई भावाला वाट्टेल ते बोलल्या. मायला नाचवलं म्हणाल्या. तो ऐकून घेत होता. मी एवढंच विचारलं, "मला काहून नाही सांगितलं?"

तो म्हणाला, "तू थांबवलं असतं." मग म्हणाला, "रुपा, घरी ती मले दादा म्हनते. तिचा भाऊ समजते. गाते तवा मांगं वळून पाहते ना, तवा मी तिचा धम्मा असतो. दोन-तीन मिंटं. मले तेवढे पाह्यजे होते." आणि थोड्या वेळाने, कोणी विचारलेलं नसताना, "अन् बँड चालून राह्यला होता. हेबी खरं हाये."

मला त्याचा राग येतो. पण वरणातलं मीठ मी पाहिलं होतं. जैनबबींनी मला तोंडावर सांगितलं होतं. काचेमागे त्यांनी 'मारू नको' म्हटलं तेव्हा त्यांना मी कोण दिसत होते, हे मला आत्ता, इथे पुसदला, कळतंय. सगळं माझ्यासमोर होतं आणि मी त्याला कला म्हणत होते.

८ नोव्हेंबर

बँड बंद. आलेली बोलावणी धम्मा एकेक करून नाकारतोय. लोक रागावतात, भाव खाऊन राह्यले म्हणतात.

मी ठरवलं, निदान गाणी तरी वाचवायची. वही घेऊन आत्याबाईंसमोर बसले. मामाजींनी रचलेली किती होती, कोणालाच माहीत नाही. "ते विहिरीचं म्हणा ना. ते गिरणीतल्या बायांचं." त्या आठवायला बघतात. ओठ हलतात. एखादा तुकडा येतो आणि दुसऱ्यात मिसळतो. मी पुन्हा विचारते. पुन्हा. शाळेत पोरांना पाढे विचारतो तसं.

आज त्या हात जोडून म्हणाल्या, "मास्तरीनबाई, मले येत नाही वं. घरी जाऊ द्या."

मी वही मिटली. आता नाही विचारणार. विहिरीचं गाणं गेलं.

१४ नोव्हेंबर

जैनबबींकडे गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, दारातच विसरले. त्यांनी बसायला दिलं. तारिकभाऊ दुकानातून हात पुसत आले. कुठल्याही डीजेवाल्याकडे ते गेलेले नव्हते. मी म्हटलं, "तारिकभाऊ, मी तुमच्याबद्दल भलतंसलतं समजून बसले होते." ते म्हणाले, "मले मालूम होतं भाभी. चालते." मग दोघंही दुकानातल्या उघड्या मोटारीकडे बघत बसलो.

जैनबबी म्हणाल्या, "उसको गाने को मत लगाओ. लेकिन बजाना क्यों बंद किया? कान तो उसके हैं ना."

६ डिसेंबर

सकाळी विहारात जाऊन आलो. आत्याबाई धम्माचा हात धरून चालल्या. वंदना सुरू झाली तर ओठ हलले, आवाज आला नाही.

दुपारी तारिकभाऊ ढोलकी घेऊन आले, बरोबर जैनबबी. अंगणात ऊन छान पडलं होतं. आत्याबाई बाजेवर बसलेल्या, जैनबबी त्यांच्या पायाशी. पुसदनंतर धम्माने पहिल्यांदा गिटार हातात घेतली. मी कीबोर्ड उंबऱ्यावर ठेवला. शब्द कोणी म्हणायचे नाहीत असं ठरलं होतं. पाटीच्या गाण्याची नुसती चाल वाजवायला घेतली, हळू.

आत्याबाई ऐकत होत्या. धम्मा त्यांच्याकडेच बघत वाजवत होता. त्या मान डोलावतील, गायला लागतील, मागे वळून बघतील असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं, खोटं का लिहू.

थोड्या वेळाने त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाजा बंद करा बाप्पा. पोरगं निजलं."

तारिकभाऊंनी हात उचलला. धम्माने तारांवर तळवा ठेवला. आत्याबाईंनी मांडीवर पदर पसरला होता आणि त्या पदरावर हळूहळू थोपटत होत्या.

धम्मा उठून त्यांच्याजवळ गेला, खाली बसला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "नाव काय वं पोराचं?"

"नाव कायले इचारता आता," त्या तशाच हळू बोलल्या. "सकाळपासून रडून राह्यलं होतं माह्यं बाळ. आत्ता कुठी डोळा लागला. जा तुमी. मंग या."

आम्ही वाद्यं उचलली आणि पाय न वाजवता घरात गेलो.